थंड हवा खायची तर आधी उन्हात जा: मामीच्या कूलरचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात माझ्या मामीचं घर आहे. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे छपरी आणि छपरीला लागून अलीकडे बांधलेली स्लॅबची एक खोली. या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पत्र्याचा मोठा कूलर लावलेला आहे. मागच्या वर्षी मे महिना लागताच मी तिथे राहायला गेले. दुपारचे दोन वाजले होते. पारा ४४ च्या वर होता. ६८ वर्षांची मामी छपरीत भिंतीला टेकून, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसली होती. घरात वीज होती, कूलर बिघडलेला नव्हता, टाकीत थोडं पाणीही होतं. तरी कूलर बंद होता.

घरच्यांकडे याची उत्तरं तयार होती. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, म्हणाला, "बिलाले भेते ते." नातवाचं म्हणणं, आजीला सवयच नाही. वहिनी काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं माझ्या लक्षात यायला मला एक दिवस लागला.

मी घरगुती वापराच्या वस्तूंचं डिझाइन करते. वस्तू घरात आहे पण वापरात नाही, असं दिसलं की आपण बहुधा माणसात खोट शोधतो: म्हातारपण, अडाणीपणा, कंजुषी. बिलाचा हिशोब मी तिथेच केला. या कूलरचा पंखा आणि पंप मिळून दोनशे वॉटच्या आसपास वीज घेतात. दहा तास चालवला तर दोन युनिट. मामी पै-पैचा हिशोब ठेवते हे खरं, पण दोन युनिटसाठी ती ४४ अंशांत बसणारी बाई नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी तिलाच विचारलं. तिनं एका वाक्यात सांगितलं, "थंड हवा खाची तं पयले उन्हात जा लागते, बाई."

हे सगळं प्रकरण त्या एका वाक्याचं आहे.

कूलर आणि त्याची तहान

विदर्भात कूलर ही चैन नाही. होळी झाली की माळ्यावरून ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवायच्या लाकडाच्या बारीक काड्यांनी भरलेल्या चौकटी, निघतात आणि जून उजाडेपर्यंत घरातलं माणूस त्या पत्र्याच्या डब्याच्या आधारानं जगतं. इथे तो इतका चालतो याचं कारण आपल्या हवेत आहे. मे महिन्यातल्या दुपारी इथली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते. ४४ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ओलं फडकं गुंडाळलेला पारा २३ अंशांच्या आसपास उतरतो. कूलर तिथवर पोचत नाही, पण ताट्या सगळीकडून सारख्या भिजलेल्या असतील तर २९-३० अंशांची हवा देतो. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर नुसता ओला पंखा ठरेल.

गारवा येतो तो पाणी उडून गेल्यामुळे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता हवेतून ओढली जाते. त्यामानानं टाकीत बर्फाच्या लाद्या टाकून फारसं काही साधत नाही, कारण एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूलच घेतो. गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी कूलरला चालत नाही, हा समजही त्यामुळे फार खरा नाही. पाणी ऊन असो की गार, ते उडालं पाहिजे, आणि खोलीतली दमट हवा बाहेर जायला समोरची एखादी खिडकी फटभर उघडी हवी. झळा येतात म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवला की तासाभरात अंग चिकचिकतं. मग लोक म्हणतात, कूलर मारत नाही.

म्हणजे कूलर चालवणं म्हणजे मुळात पाणी भरत राहणं. मामीकडचा कूलर किती पाणी पितो ते आम्ही दुसऱ्या दिवशी बादलीनं मोजलं: दुपारच्या वेळी तासाला दहा लिटरच्या आसपास. दुपारी पाच तास आणि रात्री थोडा कमी वेळ धरला तरी रोज ऐंशी-नव्वद लिटर झाले. कूलर विकत घेताना याचा विचार कोणी करत नाही. हिंगणघाटला पत्र्याचे कूलर बनवणाऱ्या एका कारागिराला मी नंतर हे विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक हवा पाहते, पानी नाई पाहत." दुकानात माणूस कूलरसमोर उभा राहतो, तोंडावर हवा घेतो, हात पुढे करून जोर बघतो आणि घेऊन जातो. घेणारा बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुष असतो. पाणी भरणारी बाई त्या वेळी दुकानात नसते.

दोन दिवस नुसतं पाहिलं

पहिल्या दिवशी माझीही चूक झाली. मी वही काढून दादाला प्रश्न विचारत बसले: किती वेळ चालतो, ताट्या कधी बदलता, पंप किती वर्षांचा. त्यानं सगळं सांगितलं आणि ते खरंही होतं, पण त्या कूलरमध्ये त्यानं त्या उन्हाळ्यात एकदाही पाणी भरलेलं नव्हतं. तो पहाटे वावरात जातो, शेतीची वीज रात्रपाळीची असली की रात्रीही जातो. कूलरशी त्याचा संबंध झोपण्यापुरता.

दुसऱ्या दिवशी वही बाजूला ठेवून मी वहिनीच्या आणि मामीच्या मागे मागे फिरले. पाहिलं ते असं.

नळ अंगणात, छपरीच्या पुढे. गावाला पाणी एक दिवसाआड. कूलर खोलीच्या पश्चिमेला. छपरीचं टोक आणि कूलर यांच्यात जेमतेम आठ फुटांचं अंतर आहे, पण मध्ये सिमेंटच्या जाळीची भिंत. म्हणून पाणी घेऊन पूर्ण घराला वळसा घालून जावं लागतं. मी मोजलं: एका बाजूनं ३८ पावलं, त्यातली बरीचशी उघड्या उन्हात. तिथे पोचल्यावर बाजूची ओली, जड ताटी कड्यांतून उचलून खाली काढायची आणि त्या मोकळ्या जागेतून पाणी आत ओतायचं. कूलर तीन फुटांच्या अँगलच्या स्टँडवर आहे, कारण खिडकी तेवढी उंच आहे. पाणी ओतायची कड जमिनीपासून १२० सेंटिमीटर भरली. मामीचं कोपर ९४ वर आहे. पंधरा लिटरचा भरलेला गुंड कोपराच्या वर वीतभर उचलून धरून ओतायचा, हे तिच्या खांद्याला जमत नाही. ती पाच लिटरची लहान बादली वापरते. म्हणजे ऐंशी लिटरला सोळा खेपा.

टाकीत पाणी किती आहे ते दिसत नाही. ताटी काढल्यावर आत अंधार, आणि मामीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. भरलं की नाही ते कळायची एकच रीत, पाणी पायावर सांडलं की भरलं. मे महिन्यात एक दिवसाआडचं पाणी असं सांडताना पाहणं तिला किती जाचत असेल, ते ज्यानं हंड्यावर हंडे रचून साठवण केली आहे त्यालाच समजेल.

आणि मुंग्या. "त्या डब्ब्याले हात लावला का मुंग्या येते हाताले," असं ती सहज बोलून गेली. तिनं त्यावर आपला तोडगाही काढला होता: रबरी चप्पल घालायची, बादली एका हातानं ओतायची, दुसरा हात पाठीमागे ठेवायचा. हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. मी तिथल्या तिथे प्लग काढला आणि गावातल्या वायरमनला बोलावणं पाठवलं. बाकीचा अभ्यास नंतर.

वायरमननं बोर्ड उघडला. प्लग तीन पिनांचा, सॉकेटही तीन भोकांचं, पण अर्थिंगच्या भोकामागे तारच जोडलेली नव्हती. पंपाच्या वायरचं रबर टाकीच्या कडेला घासून सोललेलं होतं. म्हणजे पाणी, पत्रा आणि २३० व्होल्ट यांच्यात फक्त मामीची रबरी चप्पल उभी होती. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. महावितरणही दर उन्हाळ्यात सूचना काढतं: पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करा आणि प्लग काढा, तीन पिनांचा प्लग वापरा, अर्थिंग तपासा, ओल्या हातानं हात लावू नका. मामीला यातली पहिली सूचना तोंडपाठ होती. मग ती प्लग का काढत नव्हती?

बोर्ड खोलीच्या आत होता आणि पाणी भरायची जागा बाहेर. दर खेपेला नियम पाळायचा तर आत जा, प्लग काढा, ३८ पावलं चाला, ओता, ३८ पावलं परत या, प्लग लावा. सोळा वेळा. शिवाय पंखा आणि पंप एकाच प्लगवर, त्यामुळे प्लग काढला की खोलीतली हवाच बंद आणि झोपलेलं लेकरू उठून रडायला लागणार. सूचना अगदी बरोबर होती. पण कूलरची सगळी मांडणी ती सूचना मोडायला लावणारी होती. माणूस दिवसातून सोळा वेळा स्वतःच्या सोयीच्या उलट वागत नाही. भीती वाटते, नियम पाळवत नाही, खांदा दुखतो, ऊन लागतं, या सगळ्यातून मामीनं आपल्यापुरता एकच मार्ग काढला होता: दुपारी कूलर लावायचाच नाही. रात्रीचं पाणी वहिनी संध्याकाळी भरायची. ती का गप्प होती ते आता मला कळलं. दुपारीही कूलर लावा म्हटलं असतं तर त्या खेपाही तिच्याच वाट्याला आल्या असत्या.

चुकलेले उपाय

दादाला वाईट वाटलं. तो म्हणाला, नवा प्लॅस्टिकचा कूलर घेऊन टाकू. आम्ही तालुक्याला जाऊन पाहिले. पत्रा नसल्यानं शॉकची भीती कमी आणि पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी समोर, या दोन गोष्टी चांगल्या होत्या. पण ते खोलीच्या आत ठेवायचे, म्हणजे खोलीतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरणार. चाकं सुपारीएवढी. ती फरशीवर पळतात, मामीच्या सारवलेल्या जमिनीवर रुततात आणि उंबरा तर ओलांडतच नाहीत. बटणांवरची अक्षरं सगळी इंग्रजी. मामी मराठी वर्तमानपत्र रोज वाचते, आणि त्या बटणांपुढे तिला निरक्षर व्हावं लागलं असतं.

दुसरा उपाय माझा होता आणि तो नऊ दिवसांत फसला. गच्चीवर पाचशे लिटरची टाकी होती. तिथून नळी आणून कूलरमध्ये तरंगत्या गोळ्याचा कॉक बसवला. पाणी कमी झालं की आपोआप भरणार, कोणालाच उन्हात जायला नको. कागदावर यात काही कमी नव्हतं. पण इथलं पाणी क्षाराचं. ताट्यांवर पांढरा थर बसतो तसा तो कॉकच्या तोंडातही बसला, कॉक अर्धा उघडा अडकला आणि एका रात्रीत गच्चीवरची टाकी रिकामी होऊन खिडकीखाली चिखल झाला. दोन दिवसांचं पाणी गेलं. मामी मला काही बोलली नाही. शेजारून दोन गुंड मागून आणले आणि स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी जेवताना माझी मान वर होत नव्हती. पाणी हातानं भरावं लागण्यात एक फायदाही होता, तो मी पाहिला नव्हता: किती पाणी जातं यावर बाईची नजर असते. आपोआप भरणाऱ्या व्यवस्थेनं तिच्या हातातला तो ताबाच काढून घेतला होता.

एक पान, मामीच्या शब्दांत

यानंतर मी कूलरला हात लावणं थांबवलं आणि एक पान लिहिलं. त्यात माझं एकही वाक्य नाही. उन्हात जा नाई लागलं पायजे. गुंड कमरेच्या वर उचला नाई लागला पायजे. पानी कितीक आहे ते दिसलं पायजे. हात लावाची भीती नाई वाटली पायजे. वहिनीनं शेवटी भर घातली, "आन बिघडला तं इथंच दुरुस्त झाला पायजे, नागपूरले न्या नाई लागला पायजे."

हे पान लिहिताना मला याच जिल्ह्याशी नातं असलेली एक जुनी यादी आठवत होती. १९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्यामागे गांधीजी होते आणि पुढे पाच वर्षांनी ते वर्ध्याला आले. त्या बक्षिसाच्या अटी आजही कोणत्याही डिझाइनच्या विद्यार्थ्यानं वाचाव्यात अशा आहेत. चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं सहज चालवता आला पाहिजे, बाईला फार श्रम न होता सलग आठ तास त्यावर काम करता आलं पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या वर नको, आणि वेळच्या वेळी देखभाल केली तर तो किमान वीस वर्षं चालला पाहिजे. सूत किती निघावं याचीही अट होती, पण चालवणारी बाई, तिचा दमसास, तिचं घर, तिची ऐपत हे सगळंही त्यात धरलेलं होतं. वस्तू कशी दिसावी याबद्दल अवाक्षर नाही. मामीचं पान मला त्याच घराण्यातलं वाटलं आणि मी ते भिंतीला चिकटवलं.

ड्रम छपरीत आला

त्या पानाकडे बघताना एक गोष्ट डोळ्यांसमोर आली. कूलर खिडकीत उंच असायला हवा हे खरं, पण पाण्याची टाकी कूलरच्याच पोटात असली पाहिजे असं कुठे आहे? पंखा उंचावर लागतो, पाणी खाली असलं तरी चालतं. पाणी वर चढवायचं काम पंप आधीपासून करतोच आहे, त्याला थोडं जास्त चढवायला लावायचं.

दोनशे लिटरचा निळा ड्रम आणला. रसायनाचा नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं, कारण कूलरचं पाणी प्यायचं नसलं तरी त्याची हवा रात्रभर छातीत जाते. तो कापून ६० सेंटिमीटर उंचीचा केला आणि छपरीच्या टोकाला, जाळीच्या भिंतीला लागून, सावलीत ठेवला. नळ तिथून बारा पावलं. जाळीतून दोन नळ्या बाहेर काढल्या, एक पाणी वर नेणारी, दुसरी ताट्यांतून गळलेलं पाणी परत आणणारी. कूलरची जुनी टाकी आता नुसती ताटली झाली. पाणी गोळा करून खाली सोडायचं, एवढंच तिचं काम. मामी गुंड ड्रमच्या काठावर टेकवते आणि कलता करते. उचलून धरावाच लागत नाही.

एवढं लिहिलं की सोपं वाटतं, पण त्यात तीन आठवडे गेले. जुना छोटा पंप सहा फुटांपर्यंत पाणी चढवतो असं खोक्यावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात सहा फुटांवर त्याची नुसती करंगळीएवढी धार पडायची आणि ताट्यांचा वरचा कोपरा कोरडा राहायचा. कोरड्या कोपऱ्यातून गरम हवा सरळ आत येते. चाळीस वॉटचा, दहा फुटांचा पंप आणला तेव्हा ताट्या नीट भिजल्या. परतीची नळी आधी अर्ध्या इंचाची घातली होती, ती वुडवूलच्या काड्यांनी दोन दिवसांत तुंबली. मग एक इंचाची घातली, आणि ताटलीच्या तोंडाशी वहिनीनं स्वयंपाकघरातली जुनी चहाची गाळणी बसवली. त्याहून चांगलं मला काही सुचलं नव्हतं. आणखी एक घोळ वीज गेल्यावर झाला. पंप थांबताच ताट्यांत आणि नळ्यांत अडकलेलं सगळं पाणी एकदम खाली ड्रममध्ये आलं, आणि काठोकाठ भरलेला ड्रम ओसंडला. म्हणून काठाच्या बरंच खाली लाल रंगाची खूण केली. तिथवर सुमारे १२० लिटर मावतात. लाल खुणेच्या वरची जागा परत येणाऱ्या पाण्याची.

पातळी दिसावी म्हणून ड्रमच्या बाहेरून गवंड्याची लेव्हल पाइप बसवली. ही पारदर्शक नळी गावात सगळ्यांना माहीत आहे, भिंत बांधताना रोज दिसते. पण पारदर्शक नळीतलं पारदर्शक पाणी मामीला मोतीबिंदूमुळे दिसेना. तिनं तुटलेल्या माळेतला एक लाल प्लॅस्टिकचा मणी त्या नळीत टाकला. मणी पाण्याबरोबर वर-खाली होतो. आता ती बाजेवर पडल्या पडल्या मान वळवून बघते.

विजेचं काम पुढे सांगते आहे, पण केलं सगळ्यात आधी होतं. नवं अर्थिंग केलं, आणि उन्हाळ्यात माती वाळून अर्थिंग कमजोर पडतं म्हणून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं ठरवलं. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला. गळती झाली की हा डोळ्याची पापणी लवेपर्यंत वीज तोडतो. ज्यांच्याकडे पत्र्याचा कूलर आहे त्यांनी बाकी काही नाही केलं तरी एवढं करावं, असं मी हात जोडून सांगेन. पंख्याचा आणि पंपाचा प्लग वेगळा केला. पंपाचं सॉकेट ड्रमच्या मागच्या भिंतीवर, काठापासून सव्वा फूट वर घेतलं, आणि ड्रमला लाकडी झाकण भिंतीच्या बाजूनं बिजागरीवर लावलं. झाकण उघडून भिंतीला टेकवलं की ते बरोबर सॉकेटवर येतं. प्लग लावलेला असेल तर झाकण मध्येच अडतं, उभं राहत नाही, परत पडतं. म्हणजे दोन्ही हात मोकळे ठेवून पाणी ओतायचं तर प्लग काढावाच लागतो, आणि उघडं झाकण सॉकेटवर पाणी उडू देत नाही. प्लग काढल्यावर पंप थांबतो, पंखा चालू राहतो, लेकरू झोपलेलं राहतं. "प्लग काढा" ही पाटी आम्ही कुठेच लावलेली नाही.

यावर मामीचा विश्वास लगेच बसला नाही, आणि तिनं तो लगेच का ठेवावा? पहिले आठ दिवस ती ड्रमला आधी हाताच्या पाठीनं शिवून बघायची. वायरमननं तिच्यासमोर ईएलसीबीचं चाचणीचं बटण दाबून सगळ्या घराची वीज गेलेली दाखवली, तेव्हा तिला पटलं. आता दर महिन्याच्या एक तारखेला ते बटण ती स्वतः दाबते. घरात त्या वेळी टीव्ही बघत असलेल्या कोणाचंही ऐकत नाही.

चिंचोका

राहिली रात्र. खोलीतल्या बोर्डावर पंख्याचं आणि दिव्याचं बटण शेजारी शेजारी, दोन्ही सारखी. अंधारात पंखा कमी करायला उठलेली वहिनी दिवा लावायची आणि सगळे जागे व्हायचे. मी शहरातून सुबक मराठी अक्षरांत "पंखा" आणि "दिवा" असे स्टिकर छापून आणले होते. वहिनीनं ते पाहिले आणि म्हणाली, "ताई, अंधारात कोन वाचते ते?" दुसऱ्या दिवशी तिनं पंख्याच्या बटणावर अर्धा फोडलेला चिंचोका फेविक्विकनं चिकटवला. गुळगुळीत, उंच, बोटाला लगेच लागणारा. माझे स्टिकर अजून माझ्या दप्तरात आहेत.

या चिंचोक्यापाशी मला थांबायचं आहे. १९९० साली अमेरिकेत ऑक्सो नावानं जाड, मऊ मुठीची सोलाणी आणि स्वयंपाकघरातली इतर अवजारं बाजारात आली. सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे साधी सोलाणी धरणं अवघड जात होतं, तिथून ती सुरू झाली. दुखऱ्या हातासाठी केलेली ती मूठ धडधाकट हातांनाही आवडली आणि जगभर खपली. ही गोष्ट डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जाते, मीही शिकले. पण शिकताना माझ्या मनात डिझाइन करणारा वेगळा आणि दुखरा हात वेगळा असंच राहिलं. मामीच्या घरात ते तसं उरलं नाही. मणी मामीचा, गाळणी आणि चिंचोका वहिनीचा. मी जे केलं ते मुख्यतः मापं घेणं, पंपाचा हिशोब करणं आणि त्यांनी सुचवलेल्या गोष्टींच्या आड न येणं.

मामीच्या कोपराच्या उंचीला बेतलेला ड्रम इतरांनाही सोयीचा झाला, तसाच थोडा काळजीचाही. अकरा वर्षांचा नातू आता हौसेनं पाणी भरतो. आधी कूलर त्याच्या हाताला पोचतच नव्हता. पंप असलेल्या पाण्याजवळ मूल येणार हे मी आधी धरलं नव्हतं. झाकणाची युक्ती त्यामुळे जास्तच मोलाची ठरली, तरी तो भरत असताना मोठं माणूस छपरीत असलंच पाहिजे हा नियम वहिनीनं केला आहे.

आठवड्यातून एकदा, शनिवारी, ड्रमचा कोरडा दिवस असतो. डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. जुन्या टाकीचं पाणी सोडायचं भोक तळापासून बोटभर वर होतं, त्यामुळे ती पूर्ण रिकामी कधी होतच नसे. ड्रमला अगदी तळाशी कॉक आहे. अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहिली तरी तग धरतात, म्हणून नुसतं पाणी सोडून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. गाळणीही त्याच दिवशी धुतली जाते.

यंदाच्या होळीनंतर

नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, शेवटी शेवटी मामी बारा ते पाच कूलरमध्ये झोपत होती, हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं. यंदा होळी झाल्यावर मी हिंगणघाटच्या त्या कारागिराला घेऊन गावी गेले. त्यानं ड्रमभोवती दोन फेऱ्या मारल्या, झाकण चार वेळा उघडून मिटून पाहिलं आणि मामीला विचारलं, "काकू, याच्यात आता काय तरास आहे तुमाले?" हा प्रश्न त्यानं आपणहून विचारला याचा मला फार आनंद झाला. मामीनं ताट्यांकडे बोट दाखवलं.

ताट्या अजून जुन्याच कड्यांत अडकवायच्या आहेत. ओली ताटी दोन्ही हातांनी छातीएवढी उचलून चार कड्या एकाच वेळी जुळवायच्या, हे एकट्या बाईचं काम नाही. हंगामात दोनदा तरी, क्षार झटकायला, त्या काढाव्याच लागतात. कारागिराच्या मनात ताटी वरून खाली सरकवायची खाच आहे, कपाटाच्या सरकत्या दारासारखी. त्यानं केलेला पहिला नमुना ओला झाल्यावर फुगला आणि खाचेत अडकला. कोरड्या ताटीचं माप घेतलं होतं, ओलीचं घ्यायला हवं होतं. मामीनं काल रात्री एक ताटी पाण्यात भिजत घातली आहे. सकाळी तो पट्टी घेऊन यायचा आहे.